पांढऱ्यात किती पिवळा

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि जोडकाका दाताच्या डॉक्टरबाईंच्या बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून डॉक्टरबाईंची विद्या पात्याने खरवडून काढत होते.

विद्या पांढरी होती आणि चांगलीच कडक झाली होती. बेसिनच्या पुढे संगमरवराची जी चार बोटांची पट्टी उरते, तिथे ओटा आरपार तडकला होता. तडकतो तो नेहमी तिथेच. मधोमध बेसिनसाठी एवढं मोठं भोक पाडल्यावर पुढे दगड राहतो तो नावापुरता. त्या नावापुरत्या दगडावर डॉक्टरबाईंचे यजमान बल्ब बदलायला चढले होते. यजमानांचं वजन मात्र नावापुरतं नव्हतं. ‘दगडच मुळात कच्चा होता,’ असा अहवाल त्यांनी खाली उतरायच्या आधीच दिला होता.

मग डॉक्टरबाईंनी दवाखान्यातून दात भरायचं सिमेंट आणलं, चीर भरली, तिच्यावर निळा दिवा धरला आणि मुलांना सांगितलं, ‘चूळ भरा म्हणायचं तेवढं राहिलं.’ कोणीतरी दात घासताना ओट्याला टेकलं आणि चीर होती तिथे परत आली. त्यानंतर जोडकाकांना फोन गेला.

‘बाई, हे तोंडात टिकत असेल,’ काका पातं चालवत म्हणाले, ‘पण तोंड आणि बाथरूम यात थोडा फरक असतो.’

‘काही तोंडांमध्ये नसतो, काका. तुम्ही माझे पेशंट पाहिले नाहीत.’ दारात उभ्या डॉक्टरबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. ‘सांधा दिसणार नाही ना?’

काकांनी पातं खाली ठेवलं. हा प्रश्न म्हणजे त्यांच्या दृष्टीने आचाऱ्याला ‘मीठ घालता ना?’ असं विचारण्यासारखं होतं.

‘काम झाल्यावर तुम्ही डोळे मिटायचे आणि नखाने सांधा शोधायचा. नख अडलं तर मला परत दारात उभं करू नका.’

‘आणि डोळे उघडल्यावर?’

‘उघडल्यावर तर काय, प्रश्नच नाही.’

त्या भागात कोणाचाही संगमरवर फुटला, की जोडकाकांचं नाव निघे. खरं नाव काय ते पोस्टमनला ठाऊक असावं. ‘जोडकाका’ ऐकून अधूनमधून गुडघेदुखीचे लोकही फोन करत. काका त्यांना नाही म्हणत नसत, गुडघा कोरडा ठेवायला सांगत. फुटलेल्या कडा, तुटलेले कोपरे, कॉफीटेबलं, बेसिनचे ओटे हे त्यांचं राज्य. त्या राज्यात काकूही होत्या. त्या पेटी उचलत, टेप लावत, जाड्यापासून मऊपर्यंतचे पॉलिशकागद पाणी घालून फिरवत, फरशी पुसत आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलत. काका विचारणाऱ्याला सांगत, ‘आमची ही मदतीला असते.’

कारण काकांच्या मते कारागिरी एकच होती, ती म्हणजे रंग कालवणं. चिकटवायला काय, कोणीही चिकटवतं. घासायला काय, हात असले की झालं. पण शंभर पांढऱ्यांमधून या दगडाचा पांढरा ओळखायचा, त्यात पिवळा किती, करडा किती हे ठरवायचं, याला नजर लागते. आणि ती बाजारात डब्यात मिळत नाही. हे भाषण काकूंना पाठ होतं. काका मध्येच अडखळले, तर त्या पुढचं वाक्य पुरवत.

आज काकू नव्हत्या. बहिणीने घर बदललं होतं, सामान लावायला म्हणून गेल्या होत्या. ‘दोन दिवस थांबा की, मी आल्यावर करू,’ असं त्या जाताना म्हणाल्या होत्या. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळा म्हणाल्या होत्या. ‘तुझ्यावाचून पॉलिश अडेल, काम नाही अडणार,’ असं काकांनी उत्तर दिलं होतं.

डॉक्टरबाई खाली दवाखान्यात गेल्या. त्यांच्या जागी यजमान दारात येऊन उभे राहिले. ओटा ज्यांनी फोडला, त्यांना तो कसा जोडावा याबद्दल बरीच मतं होती.

‘सिलिकॉन का नाही मारत? पाण्याला एक नंबर.’

‘मारा की. सिलिकॉनमधलं तेल दगड पितो. कडेने ओला डाग पडेल, तो तुमच्या नातवंडांनाही दिसेल.’

‘मग ते पॉलिस्टरवालं चिकटवण? दहा मिनिटांत दगड होतो म्हणे.’

‘तो उत्साही पाहुणा. आल्या आल्या कामाला लागतो, घरभर वास करतो आणि रोजच्या ओलाव्याला कंटाळून एक दिवस न सांगता निघून जातो. दिवाणखान्यात ठीक आहे. इथे एपॉक्सी. सावकाश जमतं, पण एकदा धरलं की सासूच्या रागासारखं, सुटत नाही.’

‘त्यात खोट काहीच नाही?’

‘उन्हात पिवळं पडतं. तुमच्या बाथरूममध्ये ऊन येतं का?’

यजमानांनी भिंतीतल्या वहीएवढ्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीसमोर शेजारची भिंत होती. ‘नाही.’

‘मग झालं तर.’

काकांच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती, हे मान्य करायला हवं. जुनं सिमेंट निघाल्यावर त्यांनी दोन्ही कडा ॲसिटोनने पुसल्या. दगड आतून ओला असला तर कोणतंही चिकटवण वरवर बसतं, म्हणून डॉक्टरबाईंचा केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला आणि चिरेत गरम हवा मारत बसले. ओट्याच्या खालून खाच पाडली, तिच्यात स्टीलची सळई बसवायची सोय केली, म्हणजे पुढच्या वेळी बल्ब गेला तरी निदान दगड जागचा हलायला नको. तुकडे कोरडेच एकमेकांना लावून पाहिले. एपॉक्सीची राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर तर त्यांनी छोट्या काट्यावर मोजले.

‘अंदाजाने नाही घालत?’ यजमानांनी विचारलं.

‘हार्डनर कमी पडला तर जन्मभर चिकट राहतं, जास्त झाला तर तडकतं. अंदाजाचं काम नाही हे. काटा म्हणेल तसं.’

‘आणि रंग?’

‘त्याला काटा लागत नाही.’

काकांनी काचेच्या तुकड्यावर थोडी राळ घेतली, पांढऱ्या रंगाचा ठिपका टाकला, काडीच्या टोकाने पिवळा, टोकाच्याही टोकाने काळा. दगडावर बोटाने पाणी फिरवलं, कारण पॉलिश झालेला दगड ओल्या दगडासारखा दिसतो आणि जोडायचं ते त्या दिसण्याशी. मग काच दगडाला टेकवली आणि नेम धरल्यासारखा उजवा डोळा मिटला. ही त्यांची जुनी लकब. तरुणपणी एका उस्तादाला तसं करताना पाहिलं होतं. उस्तादाचा उजवा डोळा अधू होता हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून रंग जुळवताना जोडकाका डावा डोळा बारीक करून असे बघत, की गिऱ्हाइकाची पैसे कमी करायची हिंमतच होत नसे.

‘अजून थोडा पिवळा मागतोय,’ ते म्हणाले आणि काडी परत बुडवली.

काकू असत्या, तर या क्षणी म्हणाल्या असत्या, ‘गुठळ्या राहिल्यात, आणा इकडे,’ आणि काच घेऊन खिडकीपाशी गेल्या असत्या. काकू नव्हत्या. काकांनी गुठळ्या स्वतः मोडल्या, चीर भरली, सळई बसवली, शिकंजे आवळले, टेप मारली आणि ‘उद्यापर्यंत कोणी टेकायचं नाही’ असं यजमानांच्या पोटाकडे बघून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. वर आलेलं जास्तीचं एपॉक्सी पात्याने साबणासारखं उतरलं. जाड्या कागदापासून मऊ कागदापर्यंत पॉलिश झालं. ते काकांना एकट्याने करावं लागलं आणि घासायला नुसते हात पुरत नाहीत, कंबरही लागते, ही नवी माहिती त्यांना मिळाली. पण ओटा असा चमकला की काकांनी खालून डॉक्टरबाईंना पेशंटच्या तोंडातून बोलावून घेतलं.

‘मिटा डोळे.’

डॉक्टरबाईंनी हातमोजा काढला, डोळे मिटले आणि नख पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. परत आणलं. त्यांचं नख म्हणजे साधं नख नव्हतं, दातावरची केसाएवढी चीर हेरायची त्या नखाला सवय होती. ते कुठेही अडलं नाही.

‘कमाल आहे काका. खरंच लागत नाही.’

काका नम्रपणे छताकडे बघू लागले.

डॉक्टरबाईंनी डोळे उघडले. पट्टीवर वाकून पाहिलं. आणि मग म्हणाल्या, ‘ही पिवळी रेघ तशीच ठेवायची आहे का?’

‘कुठली रेघ?’

‘ही.’ त्यांनी बोट ठेवलं. दारातून यजमानांनी मान लांब केली आणि तेही म्हणाले, ‘अरे हो. चहाच्या कपाला असते तशी.’

काका वाकले. उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. पांढरा दगड, पांढरा सांधा, पुन्हा पांढरा दगड. त्यांनी आधी बल्बला दोष दिला. साहेबांनी एवढं करून बल्ब बसवला तो पिवळाच बसवला. डॉक्टरबाईंनी बल्ब बंद करून मोबाइलचा पांढरा दिवा धरला. रेघ हसली. मग काकांनी दगडाला दोष दिला, हा दगडच निळसर आहे, फसवा आहे. शेवटी एपॉक्सीवर आले. ‘कंपनीने माल बिघडवलाय. पिवळं पडतं हे, सांगितलं नव्हतं का मी साहेबांना?’

‘उन्हात पडतं म्हणालात,’ यजमान म्हणाले. ‘काल रात्री इथे ऊन पडल्याचं मला तरी आठवत नाही.’

डॉक्टरबाई खाली गेल्या आणि एक पट्टी घेऊन आल्या. पट्टीवर खोटे दात ओळीने खोचलेले होते, शुभ्र पांढऱ्यापासून जुन्या हस्तिदंतापर्यंत. पेशंटच्या दाताशी नवीन दात जुळवायला ती वापरतात. म्हणजे धंदा तोच, फक्त दगड छोटा. त्यांनी सगळे दात उपसून ओट्यावर पसरले.

‘पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत लावून दाखवा. तुमचीच विद्या आहे.’

‘पोरखेळ आहे हा.’

‘मग पटकन होईल.’

काकांनी उजवा डोळा मिटला आणि खरंच पटकन लावले. न अडखळता, एकही दात मागे न घेता, पत्ते वाटावेत तसे. डॉक्टरबाईंनी ओळ पाहिली. सर्वांत शुभ्र दाताच्या शेजारी, अगदी मैत्रीने, चेन स्मोकरचा दात बसला होता.

‘काका,’ डॉक्टरबाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला, आणि काकांना तोच जास्त लागला. ‘डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल. त्यात पिवळेपणा कळत नाही.’

‘दातवाल्यांनी दातापुरतं बघावं,’ काका पेटी आवरत म्हणाले.

‘बघतेच आहे. पण रेघ मला रोज सकाळी दिसणार आहे. ती काढून परत करा, आणि रंग दुसऱ्या कोणाकडून कालवून आणा. नाहीतर मी दुसरा माणूस बघते.’

दुसरा माणूस. पेटीची कडी लावताना हे दोन शब्द काकांच्या बोटात अडकले. काम गेलं असतं तर त्यांनी सोसलं असतं. कामं येतात, जातात. पण रंग दुसऱ्याने कालवायचा, मग या पेटीजवळ आपण नेमके कोण?

घरी पोचले तेव्हा काकू परत आलेल्या होत्या आणि भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी काकांचा चेहरा पाहिला आणि ‘काम कसं झालं’ हा प्रश्न भाजीबरोबर बाजूला ठेवला.

‘एपॉक्सी खराब निघालं,’ काकांनी जाहीर केलं. ‘दुकानदाराच्या तोंडावर मारून येतो. एका रात्रीत पिवळं!’

‘एका रात्रीत?’

‘तूही तेच विचार.’

काकूंनी हात पुसले, पेटी उघडली, पांढऱ्या रंगाचा डबा पाहिला, मग पिवळ्याचा. पिवळा किती खाली गेलाय ते पाहिलं. ‘अहो, दुकानदाराकडे नका जाऊ.’

‘का?’

‘मी म्हटलं होतं, मी येईपर्यंत थांबा.’

‘त्याचा काय संबंध? पॉलिश उत्तम झालंय.’

काकूंनी एक सुस्कारा सोडला, पण मोठा नाही. बरेच दिवस सांभाळलेली गोष्ट खाली ठेवताना निघतो तेवढाच. ‘गुठळ्या कधीच नसतात,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘तुमच्या रंगात. गुठळ्या कधीच नसतात, तुम्ही छान कालवता. पिवळा जास्त असतो. गेलं वर्षभर. मी खिडकीपाशी नेऊन पांढरा घालते आणि परत देते.’

काकांनी पेटीतला पांढऱ्याचा डबा उचलून आत पाहिलं.

‘त्या वकिलाच्या घरचा कोपरा?’ काकांनी विचारलं. तो कोपरा ते गावभर सांगत होते.

‘हो.’

‘हॉटेलातला मोठा ओटा? मालक म्हणाला, असा रंग बापजन्मात पाहिला नाही.’

‘मी ऐकलं. मी तिथेच फरशी पुसत होते.’

‘आणि मला सांगावंसं नाही वाटलं?’

‘दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, घासणाऱ्याने घासावं.’

हे काका म्हणाले होते. दोनदा म्हणाल्याचं आठवत नव्हतं, पण म्हटलं असणार याची खात्री होती. त्यांच्या तोंडून ते वर्षातून पुष्कळदा निघे.

ते उठले, बाथरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. त्यांच्याही घरी बेसिनखाली संगमरवराची फळी होती, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून जोडलेली. ती त्यांनी याच वर्षी एका रविवारी एकट्याने बसवली होती. त्यांनी दिवा लावला, उजवा डोळा मिटला आणि सांधे शोधले. एकही दिसला नाही. ‘बघ!’ असं ओरडणारच होते. तेवढ्यात छतावरून पोपडा पडला, डोळ्यात धूळ गेली, डाव्या डोळ्यात. ते तो चोळू लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा जोडकाकांनी संगमरवर नुसत्या उजव्या डोळ्याने पाहिला.

फळीवर पिवळ्या रेघा होत्या. एक नाही, सगळे सांधे. शहराच्या नकाशावर रस्ते असतात तशा.

त्यांनी डोळे बदलून पाहिले. डावा: पांढरं. उजवा: नकाशा. डावा. उजवा. थोड्या वेळाने बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा खटला हरलेल्या माणसाचा नव्हता, अपिलाचा मुद्दा सापडलेल्या माणसाचा होता.

‘ही फळी अशी आहे, आणि तू रोज इथे दात घासतेस?’

‘घरचीच होती. म्हटलं राहू दे.’

‘अगं, पण नजर गेलेली नाही! उजवा डोळा लख्ख आहे. मी चुकीचा डोळा मिटत होतो, एवढंच. उद्यापासून डावा मिटायचा. संपला प्रश्न.’

‘इतकी वर्षं चांगला डोळा मिटून काम केलंत,’ काकू म्हणाल्या, ‘आणि लोक म्हणत, काय नजर आहे.’

‘टोमणे नंतर मार.’

‘नंतर कधी? उजव्यातही मोतीबिंदू उतरला की?’

 उजव्यातही उतरू शकतो ही शक्यता काकांच्या अपिलात धरलेली नव्हती. त्यांनी उजव्या डोळ्याने खिडकीकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि तो डोळा जरा सांभाळून मिटला, वापराने झिजेल असं वाटल्यासारखा.

काकूंनी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

‘बाई, तुमच्याकडची रेघ मी काढून देते. रंग मीच कालवेन.’

‘तुम्हाला येतो?’

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर त्याने द्यावं अशा बेताने पाहिलं. काकांनी घसा साफ केला. तो बराच वेळ साफ होत होता.

‘येतो,’ ते शेवटी म्हणाले. ‘हॉटेलातला ओटा तिनेच केलाय. वकिलाचाही.’ मग राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाले, ‘हार्डनर मात्र माझा होता.’

‘आणि तुमचे डोळे?’ फोनमधून डॉक्टरबाईंनी विचारलं.

‘त्यांचं काय?’

‘माझी मैत्रीण डोळ्यांची डॉक्टर आहे. उद्या सकाळी साडेनऊचा तिचा एक पेशंट येणार नाहीये. तुमचं नाव देऊ?’

‘द्या,’ काका म्हणाले. ‘माझा उजवा डोळा ठणठणीत आहे असं तिच्याकडून लिहूनच आणतो. मग तुम्ही ते दात परत पसरा.’

‘पसरते. पण लवकर या, दात पेशंटनाही लागतात.’

फोन बंद झाल्यावर काकूंनी पेटी रिकामी करून पुन्हा भरायला घेतली. पांढऱ्याचा डबा वर ठेवला. पिवळा खाली, कागदांच्याही खाली. काका बघत होते.

‘पिवळा अगदीच नको असं नाही,’ ते म्हणाले. ‘त्या दगडात थोडा आहे.’

‘माहीत आहे.’

‘काडीच्या टोकाच्या टोकाएवढा.’

‘अहो, माहीत आहे. वर्षभर तेवढाच ठेवतेय.’

‘आणि सांधा कापताना पातं आडवं धर. उभं धरलंस तर कड उडेल. सळईला धक्का लावू नकोस. ड्रायर त्या बाईंकडे माग, त्यांचा चांगला आहे. त्या साहेबांना दारात उभं राहू देऊ नकोस, ते सिलिकॉन सुचवतात.’

काकूंनी यातलं प्रत्येक काम यापूर्वी केलेलं होतं, साहेबांना हाकलणं सोडून. त्यांनी ‘बरं’ म्हटलं.

उद्या सकाळी साडेनऊला डोळ्यांच्या दवाखान्यात काकांच्या दोन्ही डोळ्यांत थेंब टाकतील. त्या थेंबांनी बाहुली मोठी होते आणि नंतर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं, वाचता येत नाही आणि गाडी चालवू नका म्हणतात. काकू साडेनऊलाच पेटी घेऊन डॉक्टरबाईंच्या बाथरूममध्ये असतील, आणि रंग या वेळी एकही डोळा न मिटता कालवला जाईल. दवाखान्यातून काकांना घरी आणायला शेजारची वहिनी जाणार आहे.